घरच्या टेबलावरचा अ‍ॅम्प्लिफायर : १९४७ सालच्या एका छापील आकृतीचा इतिहास

१/२१
एप्रिल १९४७. महायुद्ध संपून दोन वर्षे होत आली आहेत, तरी ब्रिटनमध्ये पावावर रेशन आहे. फेब्रुवारीतील कडाक्याच्या थंडीत कोळसा इतका अपुरा पडला की घरांची वीज दिवसातून काही तास तोडावी लागली, आणि नियतकालिकांचे प्रकाशन सरकारी आदेशाने दोन आठवडे थांबले. अशा हिवाळ्यातून देश सावरत असताना लंडनच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात चोवीस वर्षांच्या एका अभियंत्याचा लेख आला. त्याचा दुसरा भाग मे महिन्यात प्रसिद्ध झाला. विषय होता उत्तम प्रतीचा ध्वनी देणारा अ‍ॅम्प्लिफायर.

२/२१
लेखकाचे नाव डी. टी. एन. विल्यमसन. पुढील दहा-बारा वर्षांत ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत असंख्य लोकांनी या लेखातील आकृती समोर ठेवून आपापल्या घरी अ‍ॅम्प्लिफायर बांधले. ‘हाय-फाय’ हा शब्द दुकानांच्या पाट्यांवर झळकण्यापूर्वी तो ध्वनी अनेकांनी प्रथम ऐकला तो स्वतः जोडलेल्या यंत्रातून. तंत्रज्ञानाचा इतिहास आपण बहुधा संशोधक, पेटंट आणि कंपन्या यांच्या आधारे वाचतो. या धाग्यात त्याच इतिहासाकडे घरच्या टेबलावरून पाहू.

३/२१
आधी थोडे तंत्र. रेकॉर्डवर फिरणारी सुई जो विद्युत् संकेत निर्माण करते तो अतिशय क्षीण असतो. त्याने लाऊडस्पीकरचा पडदा हलणार नाही. त्या संकेताची हुबेहूब पण बलवान प्रत तयार करणे हे अ‍ॅम्प्लिफायरचे काम. खरी अडचण ‘हुबेहूब’ या शब्दात आहे. व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात नलिका, संकेत वाढवताना त्यात मूळ संगीतात नसलेले स्वर मिसळते. यालाच विकृती म्हणतात. महायुद्धापूर्वीच्या रेडिओंमध्ये पूर्ण आवाजावर पाच टक्के विकृती सर्रास चालवून घेतली जाई. एकटे व्हायोलिन त्यातून निभावून जाई. पूर्ण वाद्यवृंद वाजू लागला की वाद्ये एकमेकांत कालवली जात.

४/२१
यावरचा उपाय अमेरिकेत आधीच सापडलेला होता. २ ऑगस्ट १९२७ रोजी बेल प्रयोगशाळेतील हॅरल्ड ब्लॅक हा अभियंता हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटीतून कामावर निघाला होता. त्याला सुचले की अ‍ॅम्प्लिफायरच्या शेवटी बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश उलटा करून पुन्हा सुरुवातीला पोचवला, तर यंत्र स्वतःचीच चूक वजा करत राहील. हातात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ होता; त्याच्याच एका पानावर त्याने आकृती काढली. या तत्त्वाला ‘निगेटिव्ह फीडबॅक’ म्हणतात. मराठी विश्वकोशातील ‘प्रतिसंभरण’ तो हाच.

५/२१
मोबदला मात्र द्यावा लागतो. अ‍ॅम्प्लिफायरची वाढवण्याची शक्ती बरीचशी खर्ची पडते आणि त्या बदल्यात शुद्धता मिळते. मेहनतीने मिळवलेली शक्ती जाणूनबुजून फुकट घालवायची, ही कल्पना त्या काळच्या तज्ज्ञांना वेडगळ वाटली. ब्लॅकच्याच सांगण्यानुसार ब्रिटिश पेटंट कार्यालयाने त्याच्या अर्जाला चिरगती यंत्राच्या दाव्यांच्या रांगेत बसवले होते. अमेरिकन पेटंट मिळायला डिसेंबर १९३७ उजाडला. टेलिफोनच्या लांब पल्ल्याच्या तारांसाठी जन्मलेले हे तत्त्व दिवाणखान्यातल्या संगीतापर्यंत पोचायला आणखी काही वर्षे लागली.

६/२१
त्या विलंबाचे एक कारण आपल्याला गणेशोत्सवाच्या मांडवात ऐकू येते. माईक स्पीकरच्या समोर आला की कर्कश शिट्टी घुमते, कारण बाहेर पडलेला आवाज सुलट रूपात परत आत शिरतो. ब्लॅकच्या युक्तीतही हाच धोका दडलेला आहे. परत पाठवलेला संकेत वाटेत रेंगाळला, तर उलटा असायच्या ऐवजी सुलटा होऊन पोचतो आणि यंत्र स्वतःच कंप पावू लागते. फीडबॅक जितका अधिक तितकी शुद्धता अधिक, आणि हा धोकाही तितकाच अधिक. संकेत सर्वाधिक रेंगाळतो तो अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामधल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये. हा मुद्दा ध्यानात असू द्या. पुढची सगळी कथा त्याच्याभोवती फिरते.

७/२१
दरम्यान रेकॉर्डच बदलल्या. युद्धकाळात पाणबुड्यांच्या आवाजांतील बारकावे ओळखण्याचे प्रशिक्षण देता यावे म्हणून डेक्का कंपनीच्या आर्थर हॅडी यांनी अतिशय तपशीलवार ध्वनिमुद्रणाची पद्धत विकसित केली. युद्ध संपता संपता तीच पद्धत ‘एफएफआरआर’ या नावाने संगीताच्या रेकॉर्डवर आली आणि सुमारे १४,००० हर्ट्‌झपर्यंतचे स्वर खोबणीत उतरू लागले. सप्टेंबर १९४६ मध्ये बीबीसीचा ‘थर्ड प्रोग्रॅम’ सुरू झाला आणि अभिजात संगीताला हक्काची वेळ मिळाली. खोबणीत आणि हवेत संगीत होते. ते प्रामाणिकपणे ऐकवणारे यंत्र घरात नव्हते.

८/२१
आता विल्यमसनकडे वळू. जन्म १९२३, शिक्षण एडिंबरोत. गणिताच्या परीक्षेत अपयश आल्यामुळे विद्यापीठाची पदवी हुकली. प्रकृती सैन्यात जाण्याजोगी नव्हती, म्हणून युद्धकाळात त्याची रवानगी लंडनच्या मार्कोनी-ऑसरॅम व्हॉल्व्ह कंपनीत झाली. तेथील प्रयोगशाळेत नेमून दिलेल्या कामातून उरलेल्या वेळात त्याने १९४४ साली आपल्या अ‍ॅम्प्लिफायरचा पहिला नमुना बांधला. लेख छापून आला तेव्हा तो एडिंबरोला फेरांटी कंपनीत रुजू झालेला होता. गणितात नापास झालेला हा मुलगा १९६८ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला, पण तेव्हाची कामगिरी वेगळी होती : स्वयंचलित यंत्रकारखान्यांची आखणी.

९/२१
विल्यमसनच्या आकृतीतील भाग नवे नव्हते. केटी६६ हे व्हॉल्व्ह १९३७ पासून बाजारात होते. तशी दोन व्हॉल्व्ह त्याने जोडीने अशी लावली की एक ढकलेल तेव्हा दुसरे ओढेल. मागे छोट्या व्हॉल्व्हच्या पायऱ्या ठेवल्या. आणि ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरच्या टोकापासून थेट पहिल्या पायरीपर्यंत २० डेसिबलचा फीडबॅक दिला, म्हणजे विकृती साधारण दहापट घटली. ध्वनिशक्ती १५ वॉट आणि विकृती ०.१ टक्क्याहून कमी. पाच टक्क्यांची सवय असलेल्या कानांसाठी ही पन्नासपट सुधारणा होती.

१०/२१
आकृतीचे खरे मर्म त्या ट्रान्सफॉर्मरमध्ये होते. चार पायऱ्यांना आणि ट्रान्सफॉर्मरला एकाच फीडबॅकच्या फेऱ्यात गुंफायचे, तर ट्रान्सफॉर्मर विलक्षण काटेकोर असायला हवा. विल्यमसनने मुख्य वाइंडिंगला ४,४०० फेरे दिले, ते ४४० फेऱ्यांच्या दहा भागांत वाटले आणि दुय्यम वाइंडिंगचे भाग त्यांच्या मधोमध थरांसारखे बसवले. तारेची जाडी, प्रत्येक थरातील फेरे, गाभ्याच्या पत्र्यांचा प्रकार अशी सर्व माहिती त्याने लेखात छापली. कारखाने एरवी जी गोष्ट तिजोरीत ठेवतात ती मासिकाच्या अंकाच्या किमतीत वाचकाच्या हाती आली.

११/२१
इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचारावे : ०.१ टक्का प्रथम कोणी गाठला? हॅरल्ड लीक यांच्या कंपनीने १९४५ मध्येच ‘पॉइंट वन’ नावाचा अ‍ॅम्प्लिफायर बाजारात आणला होता आणि ते नावच या आकड्याची जाहिरात होती. तेव्हा पहिलेपणाचा मान विल्यमसनला देता येत नाही. लीकचे यंत्र मात्र विकत घ्यावे लागे. विल्यमसनचे यंत्र समजून घ्यावे लागे, आणि समजले की कोणालाही ते बांधता येई. शिवाय बांधणारा प्रत्येक जण केटी६६ विकत घेणार होता, म्हणजे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीचेही यात हित होते. ज्ञान खुले झाले त्यामागे औदार्य होते तसा व्यापारही होता.

१२/२१
ज्या मासिकात हा लेख आला त्याचाही महिमा मोठा. ‘वायरलेस वर्ल्ड’ १९११ साली ‘मार्कोनीग्राफ’ या नावाने सुरू झाले आणि १९१३ मध्ये त्याने नवे नाव घेतले. ऑक्टोबर १९४५ मध्ये आर्थर सी. क्लार्क यांनी पृथ्वीसोबत फिरणाऱ्या दळणवळण उपग्रहांची कल्पना मांडली तीही याच पानांवर. व्यावसायिक अभियंता आणि हौशी वाचक यांच्यात भिंत न मानणारे हे व्यासपीठ होते. वाचक प्रश्न विचारत, त्रुटी दाखवत, आपापली मोजमापे कळवत. विल्यमसनच्या लेखांना एवढा प्रतिसाद मिळाला की पुढे ते स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने काढावे लागले.

१३/२१
सुटे भाग कोठून येत? उत्तर पुन्हा युद्धाकडे जाते. लष्कराने रडार आणि बिनतारी यंत्रांसाठी साठवलेले व्हॉल्व्ह, कंडेन्सर, रेझिस्टर आणि ट्रान्सफॉर्मर शांतता होताच कवडीमोलाने विक्रीला निघाले. लंडनच्या सोहो भागातील लिल स्ट्रीट अशा मालाच्या दुकानांसाठी प्रसिद्ध झाली. ग्राहकही युद्धानेच घडवले होते. सैन्यात रेडिओ दुरुस्ती आणि रडार शिकून आलेले तरुण आता नागरी कपड्यांत होते. त्यांच्या हातात कौशल्य होते आणि खिशात पैसे कमी. तयार वस्तूंवर खरेदी कर होता, आणि देशाला परकीय चलन हवे असल्याने कारखान्यांचा चांगला माल निर्यातीला जात होता.

१४/२१
प्रत्यक्ष बांधणी म्हणजे काय, याची कल्पना करू. अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा लोखंडी पत्र्याची पेटी वाकवायची, तिला व्हॉल्व्हच्या बैठकांसाठी गोल भोके पाडायची. जड ट्रान्सफॉर्मर एकमेकांपासून दूर आणि काटकोनात ठेवायचे, नाहीतर स्पीकरमधून विजेची घरघर ऐकू येते. खालच्या बाजूला एकेक तार सोल्डर करायची. यंत्रात ४०० व्होल्टहून अधिक दाब खेळत असे, आणि वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये तो काही काळ टिकून राही. म्हणून जुने कारागीर एक हात खिशात ठेवून काम करा असे बजावत : धक्का एका हातातून दुसऱ्या हाताकडे छातीमार्गे जाऊ नये.

१५/२१
आणि अनेकांचे यंत्र नीट चालले नाही. छापील आकृती सर्वांसाठी एकच होती, ट्रान्सफॉर्मर मात्र एकसारखे नव्हते. स्वस्तातला किंवा घाईने गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर लावला की संकेत रेंगाळे आणि सहाव्या पोस्टमधला धोका प्रत्यक्षात येई. यंत्र कानाला ऐकू न येणाऱ्या उंच कंप्रतेवर धडधडत राही, व्हॉल्व्ह तापत आणि मालकाला कारण कळत नसे. ऑगस्ट १९४९ मध्ये विल्यमसनने सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली आणि पहिल्या पायरीवर एक रेझिस्टर व एक कंडेन्सर वाढवून स्थैर्य दिले. आकृती कागदावरून सहज प्रवास करते. वाइंडिंग करणाऱ्याच्या बोटांतला ताण तसा करत नाही.

१६/२१
अमेरिकेत ही आकृती पोचवणारा माणूस संगीतकार होता. डेव्हिड सार्सर हा तोस्कानिनी यांच्या एनबीसी वाद्यवृंदातला व्हायोलिनवादक. त्याने मेल्विन स्प्रिंकल या अभियंत्यासोबत नोव्हेंबर १९४९ मध्ये ‘ऑडिओ इंजिनीअरिंग’ मासिकात ‘म्युझिशियन्स अ‍ॅम्प्लिफायर’ मांडला. मूळ योजना विल्यमसनचीच. केटी६६ च्या जागी ८०७ हे अमेरिकन व्हॉल्व्ह घेतले होते. लष्करी प्रेषकयंत्रांत वापरलेली ८०७ युद्धोत्तर बाजारात ढिगांनी पडून होती. ज्याचे कान रोज वाद्यवृंदाच्या मधोमध बसत, त्याने ही ग्वाही दिल्याने अमेरिकन हौशींचा विश्वास बसला.

१७/२१
पुढची सुधारणा ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्येच झाली. नोव्हेंबर १९५१ मध्ये डेव्हिड हाफ्लर आणि हर्बर्ट केरोस यांनी ‘अल्ट्रा-लिनिअर’ जोडणी प्रसिद्ध केली : मुख्य वाइंडिंगच्या मधल्याच एका फेऱ्यावरून तार काढून ती व्हॉल्व्हच्या एका जाळीला जोडायची. शक्ती वाढली, शुद्धता टिकली. अशाच जोडणीचे पेटंट ब्रिटनच्या अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी १९३७ च्या सुमारासच घेतले होते. १९४२ मध्ये रडारची विमानातून चाचणी घेताना झालेल्या अपघातात त्यांचा अंत झाला. पेटंटच्या कागदात ही कल्पना निपचित पडून होती. हौशींच्या मासिकात ती छापून येताच घरोघरी पोचली.

१८/२१
आणि मग किटचा जमाना आला. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील हीथ कंपनीने १९४७ मध्ये लष्करी शिल्लक मालातून ऑसिलोस्कोपचे किट ३९.५० डॉलरला विकले आणि ‘हीथकिट’ हे घरगुती नाव झाले. १९५० च्या दशकात तिने विल्यमसन अ‍ॅम्प्लिफायरची किटे काढली. पुस्तिकेत प्रत्येक पायरीसमोर एक रिकामा चौकोन असे. तार जोडली की खूण करायची. हाफ्लर यांनी १९५५ मध्ये डायनाको स्थापन केली. तिच्या १९५९ च्या ‘स्टिरिओ ७०’ या ९९.९५ डॉलरच्या किटमधील नाजूक जोडण्यांची पाटी कारखान्यातूनच तयार होऊन येई. ही किटे लाखोंच्या संख्येने खपली.

१९/२१
येथे ‘स्वतः बनवले’ या शब्दांचा अर्थ तपासावा लागतो. १९४७ च्या वाचकाला आकृती वाचता यावी लागे आणि बिघाडाचे कारण शोधावे लागे. १९५९ चा ग्राहक सूचना पाळत असे आणि त्याचे यंत्र बहुधा पहिल्याच वेळी चाले. किटमुळे दार अधिक लोकांना उघडले आणि त्याच वेळी समजून घेण्याची सक्ती संपली. आणखी एक गोष्ट छायाचित्रांच्या चौकटीबाहेर राहिली. सोल्डरिंग करणारे हौशी बहुतेक पुरुष होते. पण घरी मुळीच बनवता न येणारा भाग म्हणजे व्हॉल्व्ह, आणि त्यातल्या केसासारख्या तारांची जुळणी कारखान्यांत प्रामुख्याने स्त्रियांची बोटे करत. ‘स्वतः बांधलेल्या’ प्रत्येक यंत्रात त्या अनामिक कामगार स्त्रियांचे श्रम होते.

२०/२१
ट्रान्झिस्टर आले आणि जड ट्रान्सफॉर्मरची गरज सरली, पण कसोटी बदलली नाही. एप्रिल १९६९ मध्ये याच ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये जॉन लिन्सली हूड यांनी दहा वॉटचा साधा क्लास-ए ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर मांडला, तेव्हा तुलनेसाठी शेजारी ठेवले ते विल्यमसनचेच यंत्र. बावीस वर्षांनंतरही मापदंड तोच होता, आणि तो ठरवला होता त्याला घरी बांधून वर्षानुवर्षे ऐकणाऱ्यांनी. हीथ कंपनीने १९९२ मध्ये किट बनवणे थांबवले. हूड यांची आकृती मात्र जगभरचे हौशी आजही बांधतात. त्यासाठी लागणारे सुटे भाग शोधत फिरणारी मंडळी टोकियोच्या अकिहाबारात भेटतात, तशी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही.

२१/२१
या इतिहासाची साधने अभिलेखागारात थोडीच सापडतात. कंपन्यांची दफ्तरे, पेटंट आणि मासिकांचे अंक जपले गेले. घरी बांधलेल्या यंत्रांवर ना नाव असते ना क्रमांक. त्यांची नोंद त्यांच्या पोटात असते : बदललेला रेझिस्टर, पेन्सिलीने लिहिलेला व्होल्टेजचा आकडा, दुसऱ्या यंत्रातून काढून लावलेला ट्रान्सफॉर्मर. तेव्हा नातेवाइकांच्या माळ्यावर किंवा जुन्या बाजारात बिननावाचा, हाताने जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर दिसला, तर तो भंगारात जाण्याआधी त्याच्या खालच्या बाजूचे छायाचित्र काढा आणि कोणी, केव्हा, कशासाठी बांधला हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. फक्त जाणकाराने तपासल्याशिवाय तो विजेला जोडू नका. धागा समाप्त.